आधी ऊब, मग पाणी, शेवटी दाणा: गंभीर आजारी पक्षी घरी कसा सांभाळावा

संध्याकाळी उशिरा फोन येतो. "ताई, सकाळपासून पिसं फुगवून बसलाय. दाण्याला तोंड लावत नाही म्हणून सिरिंजने पातळ पेज पाजतेय, पण सगळी बाहेर येतेय." पाजणारीचा जीव तुटत असतो आणि त्याच मायेपोटी चूक होत असते.

पक्ष्याच्या अंगाचं तापमान साधारण 40 ते 42 अंश सेल्सियस असतं. तीस-पस्तीस ग्रॅमच्या जिवाला तेवढी ऊब टिकवायला दिवसभर खावं लागतं. आजारात खाणं थांबलं की तो पिसं फुगवून उरलीसुरली ऊब धरून ठेवतो आणि पचन मंदावत जातं. अशा गारठलेल्या पोटात पेज ढकलली की ती तिथेच आंबते.

माझ्या पहिल्या कॉकाटीलच्या (तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या) वेळी मी हेच केलं. रात्री दहाला पेज भरवली, गळ्याखालची पिशवी भरलेली पाहून समाधानाने झोपले. सकाळी पिशवी तशीच टम्म. बोट लावलं तर मळून ठेवलेल्या गार कणकेसारखी लागली आणि चोचीपाशी आंबूस वास येत होता. दुपारपर्यंत तो गेला. तेव्हापासून पिंजऱ्यामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, शेवटी दाणा.

पुढचं सगळं बजरीगर (दुकानात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात ते), कॉकाटील आणि खरे लव्हबर्ड यांच्यासाठी आहे. डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंतचे तास आणि डॉक्टरांनी घरी पाठवल्यानंतरचे दिवस, एवढीच घरच्या काळजीची हद्द.

तयारी: पक्षी ठणठणीत असतानाच

सगळ्यात आधी डॉक्टर शोधून ठेवा. आपल्याकडे तालुक्याच्या गावी गाई-म्हशींचे डॉक्टर असतात, शहरात कुत्र्या-मांजरांचे. पक्ष्यांवर उपचार करणारे थोडे. "तुम्ही लहान पक्षी बघता का, रविवारी कोण असतं" एवढं आजच फोन करून विचारा. जवळपास कोणी नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करा. मुंबईत परळला, साताऱ्याकडे शिरवळला, शिवाय नागपूर, परभणी आणि उदगीरला अशी महाविद्यालयं आहेत.

दुसरी गोष्ट वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पक्षी धडधाकट असताना आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. घरगुती बजरीगर साधारण 30 ते 40 ग्रॅमचा आणि कॉकाटील 80 ते 100 ग्रॅमच्या आसपास असतो, पण उपयोग होतो तो तुमच्याच पक्ष्याच्या जुन्या आकड्याचा. पिसं फुगली की पक्षी गुबगुबीत दिसतो आणि माणूस फसतो. काटा फसत नाही.

बाकीचं सामान एका डब्यात एकत्र ठेवा: खोलीचं तापमान दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर, गरम पाण्याची रबरी पिशवी, सुई काढलेल्या 1 मिलीच्या सिरिंज, बिनफ्लेवरचा साधा ओआरएस, पांढरे कागद, दोन मऊ सुती पंचे, मास्क, टॉर्च, आणि नख तुटून रक्त आलं तर दाबायला कॉर्नफ्लॉवर. झाकणाला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका किंवा छोटा पिंजराही बाजूला काढून ठेवा.

टप्पा 1: दहा मिनिटं लांबून बघा

पक्षी आजार लपवतो. रानात दुबळा दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी जातो, म्हणून तुम्ही जवळ गेलात की तो ताठ बसेल, दाणा टिपल्यासारखं करेल, चोचीत दाणा घोळवेल आणि टाकून देईल. हात लावू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा आणि बघा.

दिवसा दोन्ही पायांवर बसून डोळे मिटतोय का? दर श्वासाला शेपटी वरखाली होतेय का? दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी आलाय का? दाणे खरंच सोलतोय की वाटीत नुसती टरफलं आहेत? ही शेवटची चूक फार घरांत होते. वाटी भरलेली दिसते, पण वर सगळी टरफलंच असतात. फुंकर मारून बघा.

खालीलपैकी एक जरी दिसलं तर पुढचे टप्पे वाचत बसू नका. ऊबदार खोक्यात ठेवून (डोक्याला मार किंवा ऊन लागलं असेल तर ऊब न देता) थेट दवाखाना गाठा:

- चोच उघडी ठेवून श्वास, किंवा श्वासाबरोबर टकटक आवाज
- न थांबणारं रक्त
- झटके, मान एका बाजूला वळणं, तोल जाणं
- मांजराचा दात किंवा नख लागणं, मग जखम टिकलीएवढी का असेना. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत जाऊ शकतो, त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं
- मादी तळाशी बसून कुंथतेय, पोटाखाली फुगलंय: अंडं अडकलेलं असू शकतं. दाबू नका, ओढू नका, तेल सोडू नका

टप्पा 2: फोन आधी, उपाय नंतर

डॉक्टरांना पाच गोष्टी सांगा: जात आणि वय, आजचं वजन आणि आधीचं वजन, शेवटचं कधी खाल्लं, शीट कशी आहे, घरात नवं काय झालं. "नवं" म्हणजे नवा पक्षी, नवा रंग, किडे मारायचा फवारा, रिकामं तापलेलं नॉनस्टिक भांडं. जास्त तापलेल्या नॉनस्टिकचा धूर माणसाला जाणवतही नाही आणि शेजारच्या खोलीतला पक्षी मिनिटांत जातो. शीटेचा आणि श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर तो पुन्हा ताठ बसणार आहे.

काहींच्या घरी देशी पोपट असतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही. तरी त्या भीतीने उपचार लांबवू नका. डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर विचारा.

टप्पा 3: ऊबदार जागा

निम्मी लढाई इथेच असते.

पक्ष्याला मोठ्या पिंजऱ्यातून छोट्या खोक्यात किंवा छोट्या पिंजऱ्यात हलवा. पकडताना दिवा मंद करा, पंखा बंद करा, पंचा टाकून अलगद उचला. मान दोन बोटांच्या मध्ये आणि पाठ तळहातावर. छाती मुठीत आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. घट्ट धरलं तर नाकतोंड मोकळं असूनही तो गुदमरतो.

तळाला पंचा आणि त्यावर पांढरा कागद. उंच दांड्या काढून टाका. एक दांडी तळापासून दोन बोटं वर ठेवा, तेवढीही झेपत नसेल तर तीही नको. पिंजरा असेल तर तीन बाजूंनी कापड, समोरची बाजू उघडी.

आता तापमान. पक्षी बसतो त्या उंचीवर 29 ते 32 अंश हवं, आणि ते थर्मामीटरवर बघायचं, हाताला काय वाटतं त्यावर नाही. ऊब खोक्याच्या निम्म्याच भागाला द्या, म्हणजे नको झाली तर त्याला सरकता येईल. रबरी पिशवी पंचात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला बाहेरून टेकवा आणि दर दोन-अडीच तासांनी पाणी बदला. गार झालेली पिशवी उलट ऊब ओढून घेते. पहाटे तीनला उठायचा कंटाळा केला आणि चारला पक्षी दगावला, असं मी दोन घरांतून ऐकलं आहे. गजर लावा.

दिवा वापरणार असाल तर एलईडी चालत नाही, त्याला ऊब नसते. जुना पिवळा 40 वॅटचा बल्ब लागतो. कोंबडीच्या पिल्लांचं सामान विकणाऱ्या दुकानात मोठे लाल दिवे मिळतात, पण एवढ्याशा खोक्याला ते फार प्रखर होतात. बल्ब पिंजऱ्याच्या बाहेर, वीतभर लांब. कापड बल्बला टेकता कामा नये, आग लागते. रात्री पिशवीच बरी, कारण आजारी पक्ष्याला झोपही हवी. वाटी दिसेल एवढा झिरो बल्ब दूर कोपऱ्यात पुरे.

तपासा: वीस मिनिटांनी बघा. पिसं अंगासरशी बसली, डोळे उघडले, इकडेतिकडे पाहू लागला, तर तापमान बरोबर. पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकत असेल तर फार गरम झालंय, ताबडतोब कमी करा.

दोन अपवाद लक्षात ठेवा. पंख्यावर किंवा काचेवर आपटून डोक्याला मार लागला असेल तर ही ऊब द्यायची नाही. अंधार, शांतता, खोलीचं नेहमीचं तापमान, बस. दुसरा अपवाद उन्हाळ्याचा. मे महिन्यात नागपूर-अकोल्यात खोलीच 38-40 अंशांवर असते. तिथे धापा टाकणारा पक्षी गारठलेला नसून त्याला ऊन लागलेलं असतं. गार खोलीत न्या, पाय साध्या पाण्याने ओले करा. बर्फ नको, अंगावर गार पाण्याची धारही नको.

सावधान: अगरबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, डांबर गोळ्या, फोडणीचा धूर यांतलं काहीही त्या खोलीत नको. देवघर आणि आजारी पक्षी एका खोलीत असतील तर पक्ष्याला दुसरीकडे हलवा. अंगाला तेल, हळद किंवा बाम लावू नका. तेलाने पिसं चिकटली की ऊब धरायची त्याची ताकदच जाते.

टप्पा 4: पाणी

किमान तासभर ऊब मिळाली आणि पक्षी मान सावरून बसतोय, मग पाणी. पाकिटावर दिलेल्या मापाने केलेला साधा ओआरएस, कोमट. उथळ बुडकुलीत त्याच्या चोचीसमोर ठेवा. आपण होऊन प्यायला तर उत्तम. नाही प्यायला तर सिरिंजने चोचीच्या कडेला एक थेंब टेकवा, तो चोच हलवून आत घेईपर्यंत थांबा, मग दुसरा. घाई झाली की थेंब श्वासनळीत जातो. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, आणि आत गेलेलं पाणी खोकून बाहेर टाकायची सोय पक्ष्याला जवळजवळ नाहीच.

मान टाकलेल्या, झटके येणाऱ्या किंवा चोच उघडून श्वास घेणाऱ्या पक्ष्याच्या तोंडात काहीही घालू नका, पाण्याचा थेंबसुद्धा. त्याला पाणी डॉक्टर सुईने देतील.

कालवलेला ओआरएस दुसऱ्या दिवशी फेकून द्या. साध्या पाण्याची वाटीही शेजारी असू द्या.

टप्पा 5: दाणा

इतका छोटा पक्षी एक आख्खा दिवस उपाशी राहिला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून दाण्याला उशीर चालत नाही, पण उलटा क्रमही चालत नाही.

आधी त्याच्या मर्जीने. राळ्याची कणसं मिळाली तर आडवी पायाशीच ठेवा. दुकानात ती कांगणी म्हणून मिळतात. निरोगी असताना न खाणारेही ती कुरतडतात. राळा, बाजरी कागदावर चहूकडे पसरा, वाटीपर्यंत चालत जायची वेळ येऊ देऊ नका. काही तास भिजवून धुतलेला राळा, कुस्करलेलं उकडलेलं अंडं चिमूटभर, उकडलेला मका. अंडं-मका दोन तासांत उचला. आजारपणात नवं काही शिकवायला जाऊ नका, तो जे खात आलाय तेच द्या. जोडीदार शांत असेल तर त्याचा पिंजरा दिसेल असा ठेवा. समोरचा टिपताना बघून आजाऱ्यालाही इच्छा होते.

दूध नको, पक्ष्याला ते पचत नाही. चहा-बिस्कीट, मीठ घातलेला वरणभात, चॉकलेट, अॅव्होकॅडो नको. वाळू-खड्यांची ग्रिट काढून टाका, आजारी पक्षी ती वाजवीपेक्षा जास्त गिळतो. आणि हिरवी मिरची हे औषध नाही. पक्ष्याला तिचा तिखटपणा जाणवत नाही म्हणून तो आवडीने खातो, एवढंच.

हाताने भरवणं हा शेवटचा उपाय. डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि एकदा समोर करून दाखवलं असेल तरच करा. तेव्हाचा क्रम असा:

1. पक्ष्याच्या गळ्याखालची पिशवी रिकामी आहे का ते हलक्या बोटाने बघा. भरलेली असेल तर भरवू नका.
2. पिल्लांच्या खाद्याची पावडर कोमट पाण्यात कालवून थर्मामीटरने मोजा: 39 ते 40 अंश. 43 च्या वर गेली तर पिशवी आतून भाजते. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मधेच एखादा भाग उकळता राहतो.
3. पक्षी उभा धरा, पाठीवर कधीही नाही.
4. सिरिंज त्याच्या डाव्या बाजूने चोचीत, टोक उजवीकडे. अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाला असते.
5. थोडं द्या, गिळू द्या, मग पुढचं. नाकपुडीत पेज दिसली की लगेच थांबा आणि पुढचा फोन डॉक्टरांना.

किती मिली ते डॉक्टरांनी सांगितलेलंच खरं. कॉकाटीलचं माप बजरीगरला दिलं तर ते उलटून येतं.

टप्पा 6: औषध

पाण्यात मिसळून द्यायच्या औषधाच्या पुड्या दुकानात सर्रास देतात. त्यांवर विसंबू नका. आजारी पक्षी पाणी कमी पितो, कडू लागलं तर पीतच नाही. म्हणजे औषध पोटात जात नाही आणि तहानही भागत नाही. माणसाची पॅरासिटामॉल, वेदनाशामकं किंवा मागच्या वेळी उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच नको.

पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याला एक थेंब कमीजास्त म्हणजे मोठा फरक. इन्सुलिनच्या सिरिंजवर 40 किंवा 100 पर्यंत आकडे असतात, माप दोन्हींचं 1 मिलीच. म्हणजे 0.1 मिलीसाठी 40 च्या सिरिंजवर 4 आणि 100 च्या सिरिंजवर 10 आकडे येतात. इथे हमखास घोटाळा होतो. डॉक्टरांनाच सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्यायला सांगा.

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर समुद्रफेस आणि कॅल्शियमच्या वड्या पिंजऱ्यातून काढायच्या का ते विचारा. कॅल्शियममुळे हे औषध अंगात नीट शोषलं जात नाही. पक्षी तिसऱ्या दिवशी गाऊ लागला म्हणून औषध थांबवू नका. पोपटताप (सिटॅकोसिस) या जंतूंच्या आजारात डॉक्सिसायक्लिन साधारण 45 दिवस द्यावं लागतं.

टप्पा 7: वही

रोज सकाळी, पहिली शीट झाल्यावर आणि दाणा देण्याआधी वजन. 40 ग्रॅमचा 36 वर आला म्हणजे दहावा हिस्सा गेला, ही धोक्याची खूण समजून त्याच दिवशी फोन करा. छातीचं मधलं हाड बोटाला सुरीसारखं लागत असेल तर आजार कालपरवाचा नाही.

तळाचा कागद पांढराच हवा, वर्तमानपत्राच्या शाईवर रंग कळत नाही. रोज सकाळी बदला, फोटो काढा, किती वेळा झाली ते लिहा. निरोगी शीटेत तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी वळी, पांढरी पेस्ट आणि थोडं पाणी. अगदी थोडी, गडद हिरवी शीट म्हणजे पोटात अन्न नाही. पांढऱ्या भागावर पिवळी-हिरवी झाक आली तर यकृताचा त्रास असू शकतो. डांबरासारखी काळी म्हणजे आत रक्त. आख्खे दाणे तसेच बाहेर येत असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. काकडी खाल्ल्यावर पाणी जास्त दिसतं, त्याने घाबरू नका.

टप्पा 8: घरातली माणसं

पोपटताप माणसालाही होतो. वाळलेल्या शीटेची धूळ श्वासातून आत जाते. म्हणून कोरडा झाडू मारू नका. आधी कागद पाण्याने ओला करा, मास्क लावा, गुंडाळून पिशवीत टाका, हात साबणाने धुवा. बरे असलेले पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्यांचं आधी करून मग आजाऱ्याकडे जा, उलट नाही. गरोदर बाई, तान्हं मूल आणि दमेकरी आजी-आजोबांना लांब ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत घरात कोणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला झाला तर आपल्या डॉक्टरांना "घरी आजारी पक्षी आहे" हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

टप्पा 9: दवाखान्यापर्यंतचा प्रवास

खोका मांडीवर, एका बाजूला पंचात गुंडाळलेली गरम पिशवी, वरून सुती कापड. पाण्याची वाटी काढून घ्या, सांडलं की तो भिजून गारठतो. त्याऐवजी काकडीची चकती ठेवा. स्कूटरपेक्षा रिक्षा किंवा गाडी बरी, एसीचा झोत त्याच्याकडे नको. तळाचा कागद बदलून निघू नका, डॉक्टरांना तीच शीट बघायची असते.

टप्पा 10: बरा होताना, आणि नाही झाला तर

दोन-तीन दिवस वजन टिकलं, आपण होऊन खाऊ लागला, की ऊब एकदम काढू नका. रोज दोन-दोन अंश कमी करत खोलीच्या तापमानावर आणा. पुन्हा फुगून बसला तर एक पायरी मागे. नाशिकसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रात्रीची पिशवी आणखी आठवडाभर चालू ठेवा. मोठ्या पिंजऱ्यात आणि जोडीदाराजवळ नेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सगळं नीट करूनही काही पक्षी जातात. आजार दिसतो तेव्हाच तो बराच पुढे गेलेला असतो. घरात दुसरे पक्षी असतील तर नेमकं काय झालं हे कळायला हवं, त्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो. लगेच पुरू नका. पिसं साबणाच्या पाण्याने भिजवा म्हणजे अंग लवकर गार होतं, दोन पिशव्यांत बांधा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळं ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठलं की तपासणी नीट होत नाही. एका दिवसाच्या आत डॉक्टरांकडे किंवा महाविद्यालयात न्या. एकापाठोपाठ एक अचानक मेले असतील तर हात न लावता आधी पशुसंवर्धन विभागाला कळवा. आणि जाताना वजनाची वही बरोबर घ्या.